कापडच चुकलंय

आई गेली, बाबांची झोप उडाली, आणि त्याचा ठपका बाबांनी पॉपलिनवर ठेवला.

लोक अशा वेळी देवाला बोल लावतात, डॉक्टरला लावतात, नाहीतर नशिबाला. आमच्या बाबांनी चादरीला लावला. सकाळी तांबारलेले डोळे घेऊन स्वयंपाकघरात यायचे, चहाचा कप पुढ्यात ओढायचे आणि जाहीर करायचे, "कापडच चुकलंय."

"कसं चुकेल? तुम्हीच निवडलंय ना ते?"

"निवडताना मी त्यावर झोपलो नव्हतो."

यावर काय बोलणार? मी गप्प बसायचे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आमच्या कारखान्यात कुणालाही विचारा.

कारखाना म्हणजे उगाच धुराडं वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. वर आमचं घर, खाली एक लांबलचक खोली. खिडक्यांच्या कडेनं शिलाई मशीनं, मधोमध कापणीचं टेबल, मागच्या भिंतीला कापडाचे तागे. चादरी, उशांचे अभ्रे, रजयांच्या खोळी, एवढंच आम्ही शिवतो आणि तेही फक्त पॉपलिनमध्ये. शिवायला चार बायका, त्यांतल्या सगळ्यात जुन्या त्या मावशी. गिऱ्हाइकांशी आणि गिरणीवाल्यांशी भांडायला मी. आणि कापणीला बाबा. कापणी दुसऱ्या कुणी करायची नाही. विजेचा कटर, त्याला बशीएवढं गोल पातं, खाली कापडाचे थरावर थर, आणि बाबा त्यातून सरळ रेघ काढत जायचे, रस्त्यानं चालत निघाल्यासारखे. ते टेबल त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे त्यांना कोटासारखं खुंटीला टांगणं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नवं गिऱ्हाईक आलं की बाबा आधी त्याचं बोट धरायचे. अक्षरशः धरायचे. त्याचं नख कापडावरून लांबीच्या दिशेनं फिरवायचे आणि विचारायचे, "लागतंय काही?"

"बारीक बारीक काहीतरी लागतंय."

"रेघा आहेत त्या. आडव्या. उभा धागा बारीक आणि दाट, आडवा जरा जाड, म्हणून रेघ उठते. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. लपवाछपवी नाही. साटीनमध्ये धागा तीन-चार धाग्यांवरून उडी मारून जातो, म्हणून ते चमकतं आणि घाम आला की अंगाला चिकटतं. हे चिकटत नाही. थंड राहतं, लवकर वाळतं, धुवाल तसं मऊ पडतं."

"मग काहीच दोष नाही?"

"आहे ना. चुरगळतं. नुसतं रागानं बघितलं तरी चुणी पडते. चुण्या नको असतील तर उभ्यानं झोपा."

यावर निम्मी गिऱ्हाइकं हसायची आणि निम्मी निघून जायची. बाबांना दोन्हीचं काही नव्हतं.

त्यांचे नियम दोनच. कापड कापण्याआधी पाण्यातून काढायचं, म्हणजे काय आटायचं ते आपल्याकडे आटेल, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. आणि चादरीला मध्ये जोड चालणार नाही. कापडाचा पन्हा पलंगाच्या रुंदीला पुरत नसेल तर जास्त रुंद पन्ह्याचं कापड मागवा, थांबा, गिऱ्हाइकाच्या शिव्या खा, पण दोन पट्ट्या जोडून चादर विकायची नाही. "मध्ये जोड असलेली चादर म्हणजे अंथरूण नाही, भांडण आहे," म्हणायचे.

हे नियम विकायच्या मालाला. घरच्या चादरी आई शिवायची आणि आईला बाबांचे नियम लागू नव्हते. शेजारच्या शर्टवाल्याकडून पॉपलिनचे उरलेले लांब तुकडे ती उचलून आणायची. शर्टाचं कापड, पन्हा अरुंद. मग दोन तुकडे लांबीत जोडायचे, मधोमध शिवण घालायची, झाली चादर. "चांगलं ते विकायला," म्हणायची. "आपल्याला काय, डोळे मिटले की सगळं सारखंच." बाबा कुरकुर करायचे आणि त्याच चादरीवर घोरायचे. लहानपणी मला ताप आला की दोघांच्या मध्ये झोपवायचे. मी उशी सोडून खाली घसरायचे आणि सकाळी माझ्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत शिवणीची लाल रेघ उमटलेली असायची. ताई चिडवायची, "आली बघा जोडाची पोरगी!" मी तिच्या झिंज्या उपटायचे. एकूण आमचं बालपण सुखाचं होतं.

ही ताई आता दुसऱ्या गावी असते. इस्पितळात मोठी परिचारिका आहे आणि सगळा वॉर्ड तिला टरकून असतो. दुःख झालं की लोक रडतात, ताई आवरते. आई गेल्यावर ती आली ती बाह्या सरसावूनच. कपाटं आवरली, माळा आवरला, औषधांच्या बाटल्या फेकल्या. आईनं शिवलेल्या चादरी विरल्या होत्या, त्या सगळ्या खाली नेऊन त्यांची मशीनं पुसायला फडकी केली. आणि पलंगावर आमच्याच मालातली सगळ्यात चांगली, रुंद पन्ह्याची, पांढरीशुभ्र, अखंड चादर घातली. कोपरे असे दुमडले की पलंगालाही अवघडल्यासारखं झालं असेल.

"जन्मभर तुकड्यांवर झोपलात," ती बाबांना म्हणाली, "आता तरी जरा नीट झोपा."

तिच्या मनात चांगलंच होतं. कुणाला त्यात काही खटकलं नाही, मलाही नाही.

त्या रात्रीपासून बाबांच्या डोळ्याला डोळा लागेना.

आधी म्हणाले, खळ गेलेली नाही, कापड कडक आहे. चादर धुतली, पुन्हा धुतली. मग म्हणाले, फार मऊ पडली. दुसऱ्या गिरणीचा तागा उघडला, त्यातून नवी चादर कापली. तिचा धागा त्यांना जाड वाटला. भिंग घेऊन पलंगावर बसले आणि धागे मोजले. धागे बरोबर निघाले, त्याचा तर फारच राग आला.

आमच्याकडे कापडाचे नमुने घेऊन फिरणारा एक बोलघेवडा माणूस येतो. त्याला आम्ही नमुनेवालाच म्हणतो. त्यानं संधी साधून साटीनची चादर भेट दिली. बाबांनी ती पलंगावर घालू दिली, यावरून ओळखा पाणी कुठवर आलं होतं ते. सकाळी चादर जमिनीवर आणि बाबा खुर्चीत.

"कशी वाटली?" नमुनेवाल्यानं उत्साहानं विचारलं.

"घसरगुंडीवर कधी झोपलायस का तू?" बाबा म्हणाले.

मग फ्लॅनेल झालं. त्यात त्यांना घामोळं आलं, म्हणून ताईनं घातलेली पॉपलिनची चादरच पुन्हा पलंगावर आली. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या रात्री घेतल्या की दुसऱ्या दिवशी जेवणानंतर लागू पडायच्या, तेव्हा डॉक्टरांनीच बंद केल्या. शेवटी एका सकाळी बाबा म्हणाले, "मला कळलं. ही चादर मोठी आहे."

"मापाची आहे बाबा."

"मोठी आहे. रुंदीला."

टेप आणली. मी एक टोक धरलं, मावशींनी दुसरं. पलंग मोजला, चादर मोजली. मी लहान असल्यापासून जे माप आहे तेच.

"टेप ताणलेली आहे," बाबा म्हणाले.

"मालक, टेप पत्र्याची आहे," मावशी म्हणाल्या.

बाबांनी टेपकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. "मग पलंग मोठा झालाय," म्हणाले.

मावशींनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता समजलं. माणूस दुःखात आहे, बोलता येत नाही, म्हणून बिचाऱ्या पॉपलिनवर काढतोय. मी फार शहाणपणानं त्यांच्या शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "बाबा, आईची आठवण येते ना?"

पॉपलिन मेंढीपासून काढतात का, असं कुणी विचारावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"येणारच," म्हणाले. "त्याचा चादरीशी काय संबंध?"

मी टेप गुंडाळली आणि खाली निघून आले. कधी कधी वाटतं या माणसाला गदागदा हलवावं.

आणि मग ते झालं. एका अतिथिगृहाच्या चादरींचं काम होतं. टेबलावर थर लावून झाले होते. बाबा कटर घेऊन एका टोकाकडून निघाले आणि मध्यावर उभ्या उभ्या त्यांना डुलकी लागली. कटर चालूच. पातं सरळ रेघ सोडून तिरकं निघालं, आणि त्यांचा डावा हात कापड दाबून पुढे ठेवलेला होता, त्याच्याकडेच वळलं. मावशींना जिना चढायचा तर दोनदा बसावं लागतं, पण त्या दिवशी त्यांनी अशी झेप घेतली की स्टूल उलटं झालं. भिंतीतला प्लग खेचला. पातं बाबांच्या बोटांशी येऊन थांबलं. मधे एक नखभर कापड राहिलं होतं.

बाबांनी डोळे उघडले. बोटांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते रेघ बघत होते. त्यांच्या हातून वाकडी गेलेली पहिली रेघ.

"कापडच..." म्हणाले, आणि पुढचं त्यांनी गिळलं.

मी टेबलाखाली पडलेलं कापड उचलायच्या निमित्तानं खाली वाकले आणि तिथेच बसून रडले. खोटं कशाला बोलू?

मावशींच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळच्या आत ताई दारात. तिनं बाबांची बोटं एकेक करून तपासली, दहाच्या दहा. मग कटरकडे गेली, त्याची वायर उपसून काढली, कोपराभोवती गुंडाळली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली.

"मी रविवारी येते," ती म्हणाली. "तोवर तुम्ही नीट झोपायला लागलात तर वायर परत. नाहीतर बाबा, माझ्याकडे चला. आणि हा कटर विकून टाकायचा."

"तुझ्याकडे येऊन मी काय करू?"

"आराम."

हा शब्द परदेशातला असावा असा चेहरा बाबांनी केला.

माझं डोकं फिरलं. मी ताईच्या मागे बाहेर गेले आणि म्हटलं, "त्यांचा जीव आहे त्या टेबलात. तू आलीस, आवरलंस, निघालीस. इथे रोज कोण असतं?"

"बोटं गेल्यावर शिवून देणार आहेस का तू?" ताई म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी बघते रोज. तुटलेली बोटं पिशवीत घेऊन येतात लोक."

तिचं बरोबर होतं आणि तिचं बरोबर असलेलं मला लहानपणापासून खपत नाही.

तो आठवडा काही विचारू नका. मावशी मोठ्या कात्रीनं थोडं थोडं कापायच्या आणि बोटं चोळत बसायच्या. बाबा टेबलाशेजारी स्टुलावर, हात मांडीवर. कुणाला काही शिकवत नव्हते, कुणावर खेकसत नव्हते. एक बाई आली, तिला मी पॉपलिन दाखवत होते, मुद्दाम उलटंसुलटं सांगितलं, की आता तरी उठतील. नाही उठले. कापड चुकलंय हेसुद्धा म्हणायचं त्यांनी सोडून दिलं, आणि ते ऐकू येईना तशी मला खरी भीती वाटायला लागली. वर जाऊन बघितलं तर पलंगाखालची जुनी बॅग बाहेर काढून ठेवलेली. उघडली. आत फक्त त्यांची कात्री.

शनिवारी दुपारी आमच्याकडे मशीनं पुसायची असतात. बायका घरी गेल्या होत्या, मावशी आणि मी मागे राहिलो होतो. मी डब्यातून एक फडकं घेतलं आणि मशीनच्या अंगाखालचं तेल टिपायला लागले. बोटाला मधे काहीतरी आडवं आलं, टणक, दोरीसारखं. मी फडकं झटकलं, दुसरीकडून धरलं. पुन्हा तेच. वैतागून उजेडात नेलं तर शिवण होती. चपटी, दुहेरी, कड आत घेतलेली, टाके मोहरीएवढे. आईचे टाके.

माझा हात आपोआप गालावर गेला. गालाला तेल लागलं.

आईची झोप फार सावध. बाबा झोपेत हातपाय झाडणारे. ती रोज रात्री त्यांना तंबी द्यायची, "ही शिवण दिसते ना? पलीकडे तुम्ही, अलीकडे मी. ओलांडलीत तर उद्यापासून कापणीच्या टेबलावर झोपा." दिवा मालवला की बाबा टाच सरकवत सरकवत शिवण शोधायचे. मी तापात मध्ये झोपलेली असायचे तेव्हा ती टाच कितीदा तरी माझ्या पिंढरीला घासून गेली होती. शिवण सापडली की टाच थांबायची, आणि मग बाबा घोरायला लागायचे.

आता टाच जाते, जाते, आणि तिला काही सापडतच नाही. चादर मोठी आहे. रुंदीला. बिचारा माणूस इतके दिवस खरं तेच सांगत होता आणि आम्ही त्याच्यापुढे टेप धरत होतो! आम्ही सगळे कापडातले. आम्ही खळ बघितली, धागे मोजले, पन्हा मोजला. चादरीत शिवण नाही हे कुणाच्या डोळ्याला दिसलं नाही, कारण आमच्या लेखी चांगल्या चादरीत ती नसतेच. बाबांच्या लेखी तर नाहीच नाही.

मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेले, पलंगावरची चादर ओढली, खाली आणून टेबलावर पसरली, लांबीत दुमडली आणि घडीवर कात्रीची एक चीर दिली.

"ए बाई, काय करतेस?" मावशी किंचाळल्या. "चांगली चादर आहे ती! वेड लागलं की काय?"

"धरा तिकडून."

"मी नाही धरणार. मालक माझा जीव घेतील."

मग मी एकटीनंच ओढली. पॉपलिनला एकदा चीर दिली की ते धाग्याधाग्यानं सरळ फाटत जातं, कात्रीहून सरळ. पण आवाज होतो. आणि बाबा बाहेर पायरीवर उन्हाला बसले होते.

"लांबीत कोण फाडतंय?" ते दारातूनच ओरडले. त्यांना आवाजावरून कळलं होतं.

"मी."

बाबा आत आले. टेबलावरच्या दोन पट्ट्या बघितल्या. "रुंद पन्ह्याची होती ती," म्हणाले.

"हो."

"अखंड होती."

"आता नाही."

"मालक, माझा यात काडीचा हात नाही," मावशी म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"काय चाललंय तुझं?"

"जोड घालतेय. मध्ये."

बाबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना राग आला होता, आणि मला तो बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी शिव्या खायला तयार होऊन उभी राहिले. पण त्यांची नजर मशीनवर पडलेल्या फडक्याकडे गेली. ते त्यांनी उचललं, उजेडात धरलं. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग उलटा फिरवला. मावशींना मी डोळ्यांनीच गप्प केलं.

बराच वेळ बाबा त्या तेलकट चिंधीवरून अंगठा फिरवत राहिले. मग मशीनजवळ येऊन उभे राहिले.

"चपटी घाल," म्हणाले.

"चपटीच घालणार आहे."

"आणि कड तिच्या अंगाला वळव. माझ्याकडे नको. तिच्या बाजूनं जाड असायची."

"ते कशाला?"

"मला कळायला," बाबा म्हणाले. "की इथून पुढे ती आहे."

मी मशीन चालवलं तेव्हा मला सुई धड दिसत नव्हती. तरी शिवण सरळ आली. बाबांनी ती टोकापासून टोकापर्यंत तपासली आणि शेवटचे टाके उसवून पुन्हा घालायला लावले. जोडात कापड जातंच, चादर दोन बोटं अरुंद झाली.

"आता आली मापात," ते म्हणाले.

रविवारी ताई आली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. पिशवी खांद्यालाच होती. तिनं जिन्यातूनच विचारलं, "बाबांचं सामान भरलंय?"

"हळू बोल. झोपलेत."

"आत्ता?"

मी तिला दारापर्यंत नेलं. ताईनं सवयीनं आधी बाबांची छाती वर-खाली होतेय का ते बघितलं. होत होती. घोरण्याचा आवाज तर खालपर्यंत जात होता, पण परिचारिकेला कशाचाच भरवसा नसतो. मग तिची नजर चादरीवर गेली. बाबा त्यांच्या अर्ध्यात होते, उशी सोडून शिवणीपर्यंत घसरलेले, आणि तो अर्धा भाग पार चोळामोळा झाला होता. शिवणीपलीकडच्या अर्ध्यावर एक चुणी नव्हती. एकसुद्धा नाही. आणि ते पॉपलिन होतं.

"ही शिवण?" ताईनं कुजबुजत विचारलं.

"तू फडकी केलीस ना, त्यातल्यासारखी घातली."

ताईनं दाराची चौकट धरली आणि रडली. आमची ताई, जी आवरते, ती तिथे उभी राहून घळाघळा रडली. हुंदका मात्र तिनं ओठ चावून आतच दाबला, बाबा उठू नयेत म्हणून. मी तिचा हात धरला आणि मीही रडून घेतलं.

बाबा त्यानंतर खूप वेळानं खाली आले. आम्ही दोघी कापणीच्या टेबलाशी चहा घेत बसलो होतो.

"अर्धा दिवस गेला," ते करवादले. "घरात दोन दोन पोरी आणि एकीला उठवता येत नाही? आणि टेबलावर चहाचे कप कुणी ठेवले?"

आम्ही कप उचलले. बाबांच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लाल रेघ उमटली होती.

"आला बघा..." ताईच्या तोंडून निघून गेलं. पुढचं तिला बोलवेना. तिनं पिशवी मांडीवर ओढली, आतून वायर काढली आणि बाबांच्या पुढे धरली.

बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "वायर अशी गुंडाळतात का? आतली तार तुटते अशानं," म्हणाले, आणि टेबलावर वाकून ती कटरला लावायला लागले. "सांगत होतो की नाही तुम्हाला? माझं काही बिघडलं नव्हतं. कापडच चुकलं होतं."

"हो बाबा," ताई म्हणाली, आणि उठून त्यांचा प्लग भिंतीत लावला.